मरणानंतरचा खर्च: आरिएस, गोवळकोंडा आणि आमचा एम.ए.चा पेपर

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाची फेरी कुतुबशाही मकबऱ्यांना गेली होती. महंमद कुलीच्या घुमटाखाली उभं राहून सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकला. उंची विचारली, चुना कसा घोटला ते विचारलं. परत निघताना एका कॉलेजच्या मुलीने गाईडला विचारलं, "पण त्या काळच्या लोकांना मरणाबद्दल काय वाटायचं?" गाईड म्हणाला, "बादशहा लोकांना मौत का डर बहुत. इसीलिए इत्ते बड़े मकबरे."

मला हसू आलं, कारण जवळजवळ हेच उत्तर मी एम.ए.च्या परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला मार्कही चांगले मिळाले होते. बैठकीत मी त्यावर थोडं तिरकस बोलले, तेव्हा सगळ्यांनी हे लिहूनच द्या म्हटलं.

१९९०च्या दशकात मी शहरातल्याच एका विद्यापीठात इतिहासाचं एम.ए. केलं. दुसऱ्या वर्षाला मध्ययुगीन युरोपचा एक ऐच्छिक पेपर होता आणि त्यात मृत्यूविषयीच्या वृत्ती असा एक आख्खा भाग होता. फ्रेंच इतिहासकार फिलीप आरिएस याचं जाड पुस्तक, १९७७चं, इंग्रजीत १९८१ साली आलेलं, त्याची निवडक प्रकरणं झेरॉक्स करून आम्ही वाचायचो. त्याच वर्षी मध्ययुगीन दख्खनचा पेपरही होता. त्याला हारून खान शेरवानी आणि पु. म. जोशी यांनी संपादित केलेले दोन खंड, आणि शेरवानींचा १९७४चा कुतुबशाही इतिहास. म्हणजे एका पेपरात मृत्यू हा विषय होता, पण तो मृत्यू पॅरिसचा. दुसऱ्या पेपरात आपली माणसं होती, पण त्यांचं मरण म्हणजे कंसातलं साल. सकाळी दहाला एक तास, दुपारी दोनला दुसरा. मधल्या चार तासांत हे दोन्ही जोडावेत असं आमच्या वर्गात कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, हे कबूल करते.

आधी आरिएसचं मोठेपण सांगायला हवं. मरण ही सगळीकडे, सगळ्या काळी सारखी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. त्याने म्हटलं, नाही, मरण्यालाही इतिहास आहे. त्याच्या मांडणीत सुरुवातीचं मध्ययुगीन मरण माणसाळलेलं होतं. माणसाला आपली वेळ जवळ आल्याचं कळायचं, तो अंथरुणावर पडायचा, सगेसोयरे, शेजारी, पोरंबाळं खोलीत जमायची, माफी मागून-देऊन तो जायचा. पुढे मध्ययुगाच्या उत्तरार्धात प्रत्येकाला स्वतःच्या मरणाची, स्वतःच्या निवाड्याची चिंता लागली. एकोणिसाव्या शतकात आपल्या माणसाचं जाणं हा असह्य दुःखाचा विषय झाला, आणि विसाव्यात मरण दवाखान्यात लपवलं गेलं. वाचताना भारून जायला होतं. मी आजही ते पुस्तक काढलं की दोन तास कसे जातात कळत नाही.

पण तीस वर्षांनी वाचताना एक गोष्ट खटकते. त्याच्या माणसाळलेल्या मरणाला अंथरूण लागतं. खोली लागते, माणसं जमायला सवड लागते. जर्मन समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास याने आरिएसवर हाच आक्षेप घेतला होता, की जुन्या काळातलं शांत मरण हे काव्यातून उचललेलं आहे, प्रत्यक्षात ते वेदनेचं आणि भीतीचंही असायचं. मला हा आक्षेप आपल्याकडच्या दोन मरणांवरून जास्त पटतो.

परीक्षेत मी मोठ्या हुशारीने ज्ञानेश्वरांचं उदाहरण दिलं होतं. आळंदी, १२९६, वय एकवीस, आधी ठरलेली वेळ, भोवती संतमेळा. माणसाळलेलं मरण, बघा, आपल्याकडेही! आता ते उत्तर आठवलं की कान लाल होतात. एक तर ज्या परंपरेने ती समाधी सांभाळली तिच्या लेखी ते मरण नव्हेच, ती संजीवन समाधी. तिला मरणाच्या खणात घालायचं तर आधी त्या परंपरेचं म्हणणं खोडावं लागेल, आणि ते मी खोडलं नव्हतं, नुसतं दुर्लक्षिलं होतं. दुसरं, ज्ञानेश्वरांपासून बेचाळीस वर्षांनी झालेलं एक मरण माझ्या उत्तरात नव्हतं. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि खाली काम करणारी माणसं गाडली गेली. त्यांत चोखामेळा होते. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपुरात महाद्वारापाशी आणून ठेवली. कथा म्हणून घ्या, इतिहास म्हणून घ्या, तिच्यात एक गोष्ट अगदी रोखठोक आहे: ढिगाऱ्यातून कुणाचं हाड कोणाचं हे ओळखता येत नव्हतं. इथे अंथरूण नाही, आगाऊ चाहूल नाही, निरोप नाही. आणि चोखोबांसोबत जे गाडले गेले त्यांची नावं कुठल्याच गाथेत नाहीत. आरिएसच्या चार खणांपैकी हे मरण कुठल्या खणात टाकायचं?

दुसरी अडचण साधनांची. आरिएसचा सगळा मुलूख पुरणाऱ्यांचा आहे. चर्चचं अंगण, थडग्यावरचे पुतळे, कोरलेले लेख. आपल्या दख्खनमध्ये पुरणारे आणि जाळणारे एकाच गावात, एकाच वेशीच्या आत-बाहेर. जे पुरतात, त्यांतल्या श्रीमंतांची इमारत उरते. जे जाळतात त्यांचं पाणी होतं. गोवळकोंड्याच्या मकबऱ्यांवरून मध्ययुगीन हैदराबादची मृत्यूविषयीची वृत्ती काढणं म्हणजे बंजारा हिल्सच्या बंगल्यांवरून शहराचं सरासरी घर काढण्यासारखं आहे. अकण्णा-मादण्णांचंच बघा. अबुल हसनच्या दरबारात राज्य चालवणारे हे दोघे भाऊ. १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरला आले तेव्हाच्या बोलण्यांत मादण्णा होताच. १६८६ साली दोघांना रस्त्यात मारलं, मुंडकी मोगलांकडे गेली. त्यांचं थडगं कुठे असणार? शालीबंड्याचं देऊळ त्यांच्या नावाने ओळखलं जातं, एवढंच. आणि भागमती? ती खरोखर होती की नाही यावर आपल्या मंडळात अर्ध्या बैठका खर्च झाल्या आहेत. शेरवानी ती दंतकथा मानतात. तिच्या विरोधात नेहमी पुढे येणारा एक मुद्दा म्हणजे मकबऱ्यांत तिची कबर नाही. कबर नाही म्हणून माणूसच नाही, असा पुरावा या शहरात चालतो. मी भागमतीच्या बाजूची नाही. पण हा मुद्दा ऐकला की मला मादण्णा आठवतो.

जाळणाऱ्यांचं काहीच उरत नाही असं मात्र नाही. वीरगळ उरतात. आपल्यातले बरेच जण पब्लिक गार्डनच्या म्युझियमला मुलांना घेऊन जातात ते इजिप्तची ममी दाखवायला. ममीपुढे गर्दी असते. बाहेर मोकळ्यावर मांडलेल्या दगडांपुढे कुणी थांबत नाही. लातूर-नांदेडकडे गावच्या मारुतीपाशी शेंदूर फासलेला असा दगड बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो, फक्त त्याला नाव माहीत नसतं. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला उचलून नेताहेत, वर शिवलिंगापुढे तो हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. धारवाडचे इतिहासकार षडक्षरप्प शेट्टर आणि जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ साली या स्मृतिशिळांवरचे लेख एकत्र काढले. पुढे शेट्टरांनी श्रवणबेळगोळच्या सल्लेखनेवर दोन पुस्तकं लिहिली. टेकडीवर इसवी सन ६००च्या सुमारापासून कोरलेल्या लेखांतून, स्वतःहून अन्नपाणी सोडणाऱ्या माणसांचा इतिहास. माझ्या मते मरणाच्या इतिहासावर दख्खनमध्ये झालेलं सर्वांत भक्कम काम हे आहे. आमच्या वर्षाला ही पुस्तकं छापून झालेली होती. वाचनयादीत नव्हती.

वीरगळांविषयी सगळे बोलतात ते स्वर्गाचं. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते जमिनीचं. कन्नड लेखांत नेत्तरु-गोडगे असा शब्द येतो, म्हणजे रक्ताबद्दल दिलेली जमीन. माणूस गावासाठी पडला, तर त्याच्या घरच्यांना शेत. मराठेशाहीत त्याचाच भाऊबंद शब्द आहे, बालपरवेशी. शिपाई लढाईत मेला तर त्याच्या पोरांच्या पोटासाठी सरकारातून नेमणूक. मराठी कागद चाळणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असतो, पण तो नेहमी सैन्यव्यवस्थेच्या प्रकरणात येतो. मृत्यूच्या प्रकरणात कुणी घालत नाही, कारण मृत्यूचं प्रकरणच नसतं.

इथे थोडं घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. एम.ए.च्या दोन वर्षांच्या मध्ये माझे वडील गेले. काचीगुड्याच्या भाड्याच्या घरात, तीन दिवसांच्या तापाने. पुराना पुलाच्या स्मशानात नेलं, अस्थी बासरला गोदावरीत सोडल्या. घरात चूल बंद. पहिल्या दिवशी कडू घास मामांकडून आला. संध्याकाळी शेजारच्या खालाजान डबा घेऊन दारात उभ्या, आईला म्हणाल्या, "भाभी, चार दिन चूल्हा नक्को जलाव." चार नव्हे, दहा दिवस त्यांच्या घरून कांदा-लसूण न घातलेली डाळ आणि भात येत राहिला. आणि आत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण, एका शाळकरी वहीत रोज रात्री हिशेब लिहायची. लाकडं, गोवऱ्या, मडकं, गुरुजींची दक्षिणा, शिधा, बासरचं एस.टी.भाडं, तेराव्याला जेवलेली पानं. मला त्या वहीचा भयंकर राग आला होता. माणूस गेलाय आणि ही पैसे मोजते. मी तसं बोलूनही दाखवलं. आत्या म्हणाली, "अगं, कुणाचं काय द्यायचं राहिलं तर त्याच्याच नावावर राहील ना."

त्यानंतर मी लघुप्रबंधासाठी विषय दिला: दख्खनमधील मरणोत्तर खर्च. विभागात तो नाकारला गेला. इतिहासाचा विषय नाही, समाजशास्त्राकडे जा, असं सांगितलं. मी मुकाट्याने कुतुबशाही महसुलावर लिहिलं. आज त्याबद्दल तक्रार म्हणून नाही सांगत. ज्या वर्षी आम्हाला आरिएस मन लावून शिकवला जात होता त्याच वर्षी हे झालं, एवढं नोंदवायचं आहे. त्यांच्या मरणाला इतिहास होता, आपल्या मरणाला समाजशास्त्र.

आरिएसच्याच काळात फ्रान्समध्ये मिशेल वोव्हेल नावाचा दुसरा इतिहासकार होता. १९७३ साली त्याने प्रोव्हान्स प्रांतातली अठराव्या शतकातली हजारो मृत्युपत्रं मोजून काढली. आत्म्यासाठी किती प्रार्थना सांगितल्या, अंत्ययात्रेत मेणबत्त्या किती, त्यांचं वजन किती. पुस्तक म्हणून ते आरिएससारखं सुंदर नाही, मध्येमध्ये चक्क कंटाळवाणं आहे. पण वाचताना मला आत्याची वही दिसली. वृत्ती ही मनात असते, तिथे इतिहासकाराला जाता येत नाही. खर्च मात्र कुठेतरी लिहिलेला असतो.

हे डोक्यात ठेवून मकबऱ्यांकडे पुन्हा बघा. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात इथे येऊन गेला. राजांच्या कबरींबद्दल त्याने लिहिलं आहे की रोज दुपारी चारच्या सुमारास, येईल त्या गरिबाला तिथे रोटी आणि पुलाव वाटतात, आणि सणाच्या दिवशी कबरींवर भारी गालिचे घालतात. हे वाक्य मी गाईडच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. रोज! म्हणजे स्वयंपाकघर आलं, आचारी आले, तांदूळ-तूप आलं, त्याला लावून दिलेलं उत्पन्न आलं. मधोमध मृताला स्नान घालायचा हमाम आहे, त्याला पाणी लागतं, बावड्या आहेत. २०१३पासून आगा खान ट्रस्टने तिथे जे जतनाचं काम केलं त्यात बावड्याही दुरुस्त केल्या, आणि त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. छान झालं. आता तिथे जाणाऱ्यांनी पाणी बघून फोटो काढण्याबरोबर हे पाणी कशाला लागायचं तेही विचारावं. मला हा सगळा परिसर घुमटांचा बाग न दिसता एक चालता कारखाना दिसतो, जिथे मेलेल्यांच्या नावाने जिवंतांचं पोट भरत होतं. मौत का डर? असेलही. पण भीतीपोटी कुणी दीडशे वर्षं रोज पुलाव शिजवत नाही. त्याला व्यवस्था लागते.

सुलतान कुलीने आपला मकबरा जिवंतपणीच बांधून ठेवला. आरिएसला हे आवडलं असतं, मरणाची तयारी. प्रत्यक्षात १५४३ साली त्याला मारलं, आणि कट त्याच्याच मुलाचा, जमशीदचा, असं तवारिखा सांगतात. थडग्याची तयारी होती, मरणाची नव्हती. जमशीदचा मकबराही तिथेच आहे, दुमजली, देखणा, पण कबरीवर लेख नाही. यातून लगेच नीतिकथा काढू नका, आपल्या मंडळाला ती खोड आहे. पण लेख कुणाला मिळाला आणि कुणाला नाही हे मोजायला हरकत नाही. त्यासाठी सय्यद अली असगर बिलग्रामींचं १९२७चं पुस्तक अजूनही हाताशी ठेवावं. शहर आणि आसपासच्या वास्तूंची, त्यांवरच्या लेखांची त्यांनी नोंद केली. रूक्ष पुस्तक, पण ज्यांना रूक्ष वाटतं त्यांनी एकदा त्यातली फक्त कबरींची पानं सलग वाचावीत.

शेवटच्या कुतुबशहाची कबर मात्र या परिसरात नाही. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसनला दौलताबादला कैदेत ठेवलं, तिथेच तो गेला, आणि जवळच्या खुलताबादला शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यात त्याला पुरलं. हैदराबादेत त्याचे गुरू शाह राजू होते, ते याच घराण्यातले. म्हणजे कैद्यालाही गुरुघराण्याच्या पायाशी जागा मिळाली. आणि त्याच खुलताबादेत, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात, त्याचं राज्य घेणारा औरंगजेब १७०७पासून उघड्या मातीच्या कबरीत आहे. भोवतीचं संगमरवर नंतरचं, निजामाच्या काळातलं. औरंगजेबाच्या नावावर जे मृत्युपत्र सांगितलं जातं त्यात कफनासाठी टोप्या शिवून मिळवलेले ४ रुपये २ आणे, आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटायचे, अशी रकमेसकट सूचना आहे. मृत्युपत्र अस्सल की नकली यावर वाद आहे. मला त्या वादापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की ज्याने कुणी ते लिहिलं, त्याला बादशहाची वृत्ती सांगायची होती आणि त्यासाठी त्याने हिशेब लिहिला. आत्याच्या वहीतलं पहिलं पान आणि हे, दोन्ही एका जातीचे कागद आहेत.

खुलताबादवर कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाचं १९९२चं पुस्तक आहे. त्यात सूफींच्या शिकवणीइतकंच लक्ष दर्ग्यांना मिळालेल्या इनामांकडे, सनदांकडे दिलं आहे. हैदराबादच्या मराठी माणसाने हे पुस्तक वाचावंच, कारण आपला पहिला निजामही तिथेच पुरलेला आहे. शेरवानी-जोशींच्या खंडांत भाषा, चित्रकला, नाणी, वास्तू सगळं आहे. दोघेही थोर, त्यांच्या खांद्यांवर उभं राहूनच आपण बोलतो. पण त्यांच्या रचनेत मकबरा वास्तूकडे गेला, इनाम महसुलाकडे, मर्सिया वाङ्मयाकडे आणि दर्गा धर्माकडे. एका मरणाचे चार तुकडे चार प्रकरणांत गेले. आम्ही विद्यार्थ्यांनी ते तसेच पाठ केले.

माझ्या हिशेबाच्या पद्धतीतही खोट आहे, ती लपवत नाही. ज्याच्याकडे खर्चायला नव्हतं त्याचं दुःख वहीत येत नाही. आणि रडणं तर कुठल्याच वहीत येत नाही. बादशाही आशूरखान्याच्या त्या चिनी टाइल्सच्या भिंतींपुढे मोहर्रमात जे रडणं होतं ते सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. महंमद कुलीने स्वतः दख्खनीत मर्सिये लिहिले. हजार वर्षांपूर्वी दूर करबल्यात गेलेल्यासाठी राजा रडतो, आणि शेजारची बाई त्याच रडण्यात आपलं मेलेलं मूल मिसळते. याची रक्कम कुठे लिहायची? इथे वोव्हेल कामाचा नाही. इथे आरिएसच्या अंगी असलेली ती ऐकण्याची तयारीच लागते. म्हणून त्याचं पुस्तक मी रद्दीत टाकलेलं नाही.

आता कामाचं. पुढच्या बैठकीत मला घरोघरच्या तेराव्याच्या, चाळिसाव्याच्या, वर्षश्राद्धाच्या खर्चाच्या वह्या बघायच्या आहेत. मोडीत असल्या, उर्दूत असल्या तरी चालेल, वाचणारे आपल्यात आहेत. नावं झाकून ठेवा. कुणी डबा दिला, कुणी खांदा दिला, कुणाचं देणं राहिलं, अशा नोंदी असतील तर त्या पानांना खूण घाला. आत्याची वही मी घेऊन येते. तिच्या शेवटच्या पानावर खालाजानच्या डब्यांची नोंद आहे: आले ४, परत ३.